दंगलीनंतरचे नागरिक : शिकागोचे दोन आयोग

'आयोग' हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर न्यायमूर्ती उभे राहतात. १९७० च्या भिवंडी-जळगावच्या दंगलींनंतरचा न्या. मादन यांचा आयोग, १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतरचा न्या. श्रीकृष्ण यांचा आयोग, आणि त्यांच्यासोबत साक्षी, उलटतपासण्या, प्रतिज्ञापत्रे. अमेरिकेतील शहरांमध्ये मात्र याच नावाची एक वेगळ्या जातकुळीची संस्था १९४० च्या दशकापासून रुजली. तिला सामान्यतः 'मानवी संबंध आयोग' म्हणतात. महापौर किंवा नगरपरिषद शहरातल्या काही नागरिकांना तीवर नेमते. त्यात डॉक्टर असतो, धर्मोपदेशक असतो, व्यापारी आणि शिक्षक असतात. बहुतेकांना मानधन नसते. निरनिराळ्या समाजांत सलोखा राखणे, भेदभावाविषयी ऐकून घेणे आणि शहराला सल्ला देणे हे त्यांचे काम. अलीकडे या संस्थांच्या नावांत 'वैविध्य' आणि 'समावेशन' हे शब्दही आले. शब्द गोड आहेत. पण या संस्थेचा जन्म रक्तपातातून झाला आहे, हे त्यांच्यामुळे विसरायला होते.

जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथापासून आपल्याकडे कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय होत आला. दलित साहित्याच्या चर्चेत हार्लेमचे नाव हटकून येते. त्या हार्लेमच्या मागे शिकागोची एक दंगल आणि एका नागरी आयोगाचा जाडजूड अहवाल उभा आहे, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात त्या आयोगाचा, आणि त्याच शहरात पाव शतकानंतर आलेल्या दुसऱ्या आयोगाचा विचार करायचा आहे. पहिल्याने जवळपास सगळे लिहून ठेवले. दुसऱ्याने शांततेसाठी लिहू न देण्याचा मार्ग पत्करला.

२७ जुलै १९१९, रविवार. उकाड्याने हैराण झालेले शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी लोटले होते. एकोणतिसाव्या रस्त्याच्या टोकाला पाण्यात एक रेषा मानली जाई. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. कुठल्याही कायद्यात ती नव्हती, तरी सर्वांना ठाऊक होती. (असे अलिखित पाणवठे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.) सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स तराफ्यावरून तरंगत त्या रेषेपलीकडे गेला. काठावरून दगड आले आणि तो बुडाला. दगड मारणाऱ्या गोऱ्या माणसाला अटक करण्यास तेथील पोलिसाने नकार दिला. तेथून जे पेटले ते आठवडाभर धुमसत राहिले. ३८ माणसे मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी. ५३७ जखमी झाली, आणि सुमारे एक हजार कुटुंबे बेघर झाली.

कारण अर्थातच एका तराफ्यापुरते नव्हते. १९१० साली शिकागोत ४४,१०३ कृष्णवर्णीय होते. १९२० च्या शिरगणतीत ते १,०९,४५८ भरले. महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, दक्षिणेतल्या शेतमजुरांना कत्तलखान्यांत आणि कारखान्यांत काम मिळू लागले, आणि आगगाड्या भरभरून माणसे उत्तरेला आली. शहरात त्यांना नोकरी मिळाली, घर मात्र मिळेना. शहराच्या दक्षिणेकडील एका चिंचोळ्या पट्ट्यात ती कोंबली गेली. त्या पट्ट्याबाहेर कोणी घर घेतले की त्यावर बाँब पडे. दंगलीच्या आधीच हे सुरू झाले होते, आणि नंतरही ते थांबले नाही.

दंगलीनंतर इलिनॉय राज्याचे गव्हर्नर फ्रँक लोडन यांनी बारा नागरिकांचा आयोग नेमला. सहा गोरे, सहा कृष्णवर्णीय. त्या काळात अशी समसमान रचना सुचणे हीच मोठी गोष्ट होती. गोऱ्यांमध्ये 'सीअर्स, रोबक' कंपनीचे ज्यूलियस रोझेनवाल्ड आणि 'डेली न्यूज'चे व्हिक्टर लॉसन होते; कृष्णवर्णीयांमध्ये 'शिकागो डिफेंडर'चे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट आणि शल्यविशारद जॉर्ज क्लीव्हलंड हॉल. म्हणजे अपराधाचा शोध घेणाऱ्यांत वृत्तपत्रांचे मालकही बसले होते. सरकारने पैसा दिला नाही, खर्च देणग्यांतून भागवावा लागला.

या मान्यवरांच्या मागे खरी मेहनत करणारा तरुण होता चार्ल्स एस. जॉन्सन. वय सव्वीस, नुकताच फ्रान्समधील युद्धावरून परतलेला, शिकागो विद्यापीठात रॉबर्ट पार्क यांचा विद्यार्थी. समाजशास्त्राने ग्रंथालयातून उठून रस्त्यावर यावे, माणसांशी बोलावे, असा पार्क यांचा आग्रह. आयोगाचे चिटणीस ग्रॅहम टेलर होते, जॉन्सन त्यांचा सहकारी. अहवालाच्या मुखपृष्ठावर आयोगाचे नाव आहे. पण त्यातील संशोधनाची आखणी आणि लेखनाचा मोठा भाग जॉन्सनचा, असे अभ्यासक मानतात.

'द निग्रो इन शिकागो' हा अहवाल १९२२ साली शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. पृष्ठे सहाशे बहात्तर. दंगलीचा वृत्तान्त त्यात आरंभीच उरकला आहे, आणि मग अहवाल घराघरांत शिरतो. २७४ कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. कुठून आलात, का आलात, खोल्या किती, पोटभाडेकरू किती, भाडे किती, चर्चला जाता का. या कौटुंबिक नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत. त्यांत करुणेचा उमाळा नाही, आणि वर्णनाचा हव्यासही नाही. तरीही एखाद्या घरातले काळोखे जिने आणि त्या घरातल्या बाईचा नीटनेटकेपणाचा हट्ट ओळीओळींतून समोर येतो. दुसरीकडे आकडेही आहेत. १ जुलै १९१७ ते १ मार्च १९२१ या काळात ५८ घरांवर बाँब टाकले गेले, ही नोंद या अहवालामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र 'लोकमत' या विषयावरील प्रकरणे आधी उघडावीत. अफवा कशी जन्मते, वृत्तपत्र तिला कसे छापील रूप देते, आणि छापून आल्यामुळे ती पुन्हा रस्त्यावर कशी उतरते, याचे विश्लेषण आयोगाने केले. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतील कृष्णवर्णीयांविषयीच्या बातम्या मोजून पाहिल्या, तेव्हा त्यांत गुन्हे आणि विनोद यांचाच भरणा निघाला. आयोगाने वृत्तपत्रांना केलेल्या शिफारशींत एक वरकरणी क्षुल्लक आहे: 'निग्रो' हा शब्द लिहिताना पहिले अक्षर मोठे असावे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही प्रथा १९३० मध्ये स्वीकारली. आपल्या लिपीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर हा भेद नाही, म्हणून हा प्रश्न आपल्याला परका वाटेल. पण मराठीत तो क्रियापदात येऊन बसला आहे. कोण 'आले' आणि कोण 'आला', कोणाच्या नावापुढे 'राव' लागला आणि कोणाच्या नावाला 'या' प्रत्यय चिकटला, हे आपल्या जुन्या दप्तरांत आणि बखरींत पाहावे. शिकागोचे ते मोठे अक्षर म्हणजे आपल्याकडचे आदरार्थी बहुवचन होय.

अहवालात एकूण ५९ शिफारशी आहेत. त्यांचा सूर समंजस आहे आणि त्यातच त्यांची मर्यादाही आहे. पोलिसांनी पक्षपात करू नये, बाँब टाकणाऱ्यांना पकडावे, गोऱ्यांनी पूर्वग्रह सोडावेत, कृष्णवर्णीयांनी संयम पाळावा. सक्तीच्या विभक्तीकरणाला आयोगाचा विरोध होता. परंतु घरे विकणारे, कर्ज देणारे आणि त्यातून नफा मिळवणारे जे हितसंबंध होते त्यांच्यावर हात टाकण्याचे बळ त्याच्यात नव्हते. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, शिकागोच्या घरदलालांच्या मंडळाने असा नमुना-करार तयार केला, की ज्याच्या आधारे अख्खी वस्तीच कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे कायदेशीर बंधन स्वतःवर घालून घेऊ शके. बाँबचे काम कागदाने होऊ लागले. ५९ शिफारशींपैकी एक होती शहरात सर्व समाजांची कायम स्वरूपाची संस्था नेमावी अशी. तिच्यावर धूळ साचली.

जॉन्सन १९२१ मध्येच न्यूयॉर्कला 'नॅशनल अर्बन लीग'मध्ये गेला, आणि १९२३ पासून त्या संस्थेच्या 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाचे संपादन करू लागला. मार्च १९२४ मध्ये त्याने कृष्णवर्णीय लेखक आणि गोरे प्रकाशक यांना एका भोजनासाठी एकत्र आणले. पुढच्या वर्षी मासिकातर्फे साहित्यस्पर्धा घेतली. कवितेचे पहिले पारितोषिक लँग्स्टन ह्यूजला मिळाले, आणि त्याच स्पर्धेत झोरा नील हर्स्टनचेही नाव पुढे आले. हार्लेमच्या प्रबोधनाचा इतिहास या दोन घटनांशिवाय लिहिता येत नाही. आकड्यांनी भरलेला अहवाल लिहिणारा माणूस कवितेकडे का वळला? मला वाटते, ५९ शिफारशींचे काय झाले हे त्याने पाहिले होते. मन बदलण्याचे काम शिफारशीने होत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला असावा. साहित्याकडून त्याने फार अपेक्षा केली असे आज म्हणता येईल, पण तो प्रश्न वेगळा.

दुसरा आयोग यायला आणखी एक युद्ध आणि आणखी एक दंगल लागली. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटमध्ये ३४ माणसे मारली गेली. तसे आपल्याकडे होऊ नये म्हणून शिकागोचे महापौर एडवर्ड केली यांनी पुढच्याच महिन्यात वंशसंबंधविषयक समिती नेमली. रॉबर्ट वीव्हर यांनी काही काळ तिचे संचालकपद सांभाळले. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिले कृष्णवर्णीय मंत्री झाले. १९४७ मध्ये समितीला नगरपरिषदेच्या ठरावाने कायम रूप मिळाले, आणि ती 'मानवी संबंध आयोग' झाली. पंचवीस वर्षांपूर्वीची धूळ खात पडलेली शिफारस अशी अमलात आली. देशातील अनेक शहरांनी असेच आयोग नेमले.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी बांधलेल्या सार्वजनिक घरांत कृष्णवर्णीय कुटुंबांना प्रवेश मिळताच जमाव जमू लागले. १९४६ च्या अखेरीस एअरपोर्ट होम्स येथे, ऑगस्ट १९४७ मध्ये फर्नवुड येथे. अशा वेळी आयोगाने शहरातील वृत्तपत्रांना विनंती केली, की या घटनांच्या बातम्या शक्य तितक्या दडपाव्यात. वृत्तपत्रांनी बहुतांशी ऐकले. इतिहासकार आर्नल्ड हर्श यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. हजारोंचे जमाव रात्रीमागून रात्री जमत राहिले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची फारशी खबर नव्हती.

या निर्णयाला चटकन नावे ठेवणे सोपे आहे. पण आयोगाच्या सदस्यांपुढे १९१९ चा अनुभव होता. बातमी वाचून जमाव दुप्पट होतो हे पहिल्या अहवालानेच सप्रमाण दाखवले होते. त्यांनी तोच धडा गिरवला. आपल्याकडेही दंगलीच्या बातमीत 'दोन गट' एवढेच लिहिण्याचा संकेत याच भीतीतून आला, आणि त्याने काही जीव वाचलेही असतील. तरीसुद्धा मला हा मार्ग घातक वाटतो. १९२२ च्या आयोगाने खोटी बातमी हा रोग मानला होता. १९४७ च्या आयोगाने बातमीलाच रोग मानले. ज्या कुटुंबाच्या खिडकीतून वीट आत आली, त्याच्या दृष्टीने शहराचे मौन हे जमावाच्या आरोळीला दिलेले उत्तर नव्हते. शिवाय मौनाने हिंसा थांबली असेही झाले नाही. जुलै १९५१ मध्ये लगतच्या सिसरो गावात एका कृष्णवर्णीय माजी सैनिकाच्या कुटुंबावर जमाव चालून गेला, आणि ते दृश्य झाकणे कोणालाच शक्य झाले नाही.

वृत्तपत्रांत जे आले नाही ते नाटक-कादंबरीत आले. लॉरेन हॅन्सबेरी सात-आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले होते. घराभोवती जमाव जमला, आत भिरकावलेली वीट तिला लागता लागता राहिली, आणि वडिलांचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिच्या १९५९ च्या 'अ रेझिन इन द सन' या नाटकात जमाव रंगमंचावर येतच नाही. येतो तो कार्ल लिंडनर नावाचा एक सभ्य, चाचरत बोलणारा गृहस्थ. वस्तीच्या सुधारणा-मंडळाच्या, नव्या शेजाऱ्यांचे स्वागत पाहणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष असतो. माणसांनी एकमेकांशी बसून बोलले पाहिजे, समजून घेतले पाहिजे, असे तो म्हणतो. आणि बोलता बोलता यंगर कुटुंबाने या वस्तीत येऊ नये म्हणून घराच्या किमतीहून अधिक पैसे देऊ करतो. सलोख्याची शब्दकळा हॅन्सबेरीने अचूक उचलली आहे. लिंडनरच्या भाषणातला एकेक शब्द एखाद्या आयोगाच्या पत्रकात शोभून दिसेल. वर्गात हा प्रवेश शिकवताना विद्यार्थ्यांना सुरुवातीस तो माणूस चांगलाच वाटतो, हा अनुभव अनेक प्राध्यापकांचा असेल.

त्याच वर्षी फ्रँक लंडन ब्राऊन यांची 'ट्रम्बुल पार्क' ही कादंबरी आली. ट्रम्बुल पार्क ही शिकागोच्या दक्षिणेकडची सार्वजनिक वसाहत. १९५३ मध्ये उजळ वर्णाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला गोरी समजून अधिकाऱ्यांनी तेथे घर दिले, आणि चूक उघडकीस आल्यावर तेथे वर्षानुवर्षे उपद्रव चालू राहिला. ब्राऊन स्वतः सहकुटुंब त्या वसाहतीत राहिले होते. कादंबरीत रात्रभर सुतळीबाँबसारखे धडाके होत राहतात, मुले दचकून उठतात, आणि घरातून बाहेर जायचे तर पोलिसांच्या गाडीत बसून जावे लागते. गुन्हेगारांना नेतात त्याच गाडीत. कादंबरीचा नायक बगी मार्टिन अखेरीस ती गाडी नाकारतो, आणि जमावामधून चालत घराकडे निघतो.