पसंतीक्रम कोणाचा? प्रवेशअर्जावरच्या यादीचा आपला इतिहास

गेल्या वर्षी जुलैत आमच्या वस्तीतल्या विहारात इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म भरून द्यायला आम्ही तीन-चार जण बसलो होतो. एक पोरगा आधीच भरलेला फॉर्म दाखवायला आला. पर्याय फक्त सात, आणि सातही एसटीच्या पासवर जाऊन-येऊन करता येतील असे. त्याचे गुण पाहिले तर शासकीय महाविद्यालयाची जागा त्याच्या हातात होती, पण यादीत तिचे नावच नव्हते. फॉर्म कोणी भरला, असे विचारले. चौकातल्या एका "मोफत मार्गदर्शन केंद्रा"त भरला होता. ते केंद्र एका खासगी महाविद्यालयाचा माणूस चालवत होता आणि पहिल्या क्रमांकावर त्याच महाविद्यालयाचे नाव होते. वडिलांचे म्हणणे वेगळेच, "जवळचं आहे, भाकरी बांधून देता येईल." वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या माणसाने कुठे शिकायचे याची यादी दुसऱ्याने करण्याची रीत या देशात फार जुनी आहे.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळा सरकारी, पैसा रयतेचा. तरी अर्ज फेटाळला गेला आणि मुंबई सरकारने नकार कायम केला. एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची का, असा सरकारचा युक्तिवाद होता. आमच्या माहितीत आपल्या समाजातला सरकारदरबारी नोंदला गेलेला हा सर्वांत जुना प्रवेशअर्ज. त्या अर्जात पर्याय एकच होता, आणि तोही नाकारला गेला. पुढे सत्तर वर्षांनी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाचे आकडे मांडत होते, तेव्हाही महाविद्यालयाच्या रकान्यात आपल्या वर्गासमोर जवळपास शून्यच होते.

आता बाबासाहेबांचीच यादी पाहू. "बाबासाहेब कोलंबियाला गेले" हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हणतो की ते कसे गेले याकडे लक्ष जात नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते शिकवले गेले नाही म्हणून पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे विषयाचा पहिला पसंतीक्रम जातीने खोडला. 1912 ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. 1913 ला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्क गाठले. 1915 ला एम.ए. झाले. 1916 ला लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन ठिकाणी नाव घातले, एक अर्थशास्त्रासाठी आणि एक वकिलीसाठी. 1917 ला शिष्यवृत्ती संपली आणि अर्धवट सोडून परतावे लागले. पण परतण्याआधी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली! मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेतले आणि 1920 ला पुन्हा लंडन गाठले. पुढे जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले.

आम्हाला यात जे दिसते ते असे. स्वप्नातले विद्यापीठ त्यांनी कधी खाली आणले नाही, पण एकाच दारावर आयुष्यही टांगले नाही. बडोद्यात जागा मिळेना, चपराशी लांबून फायली फेकतो, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन हाकलतात, अशा वेळीही लंडनची जागा चार वर्षे राखलेली होती. समुपदेशक ज्याला "संतुलित यादी" म्हणतात, म्हणजे काही महाविद्यालये आवाक्याबाहेरची, काही आवाक्यातली आणि काही खात्रीची, ती ही. फरक एवढाच की त्यांच्या खात्रीच्या पर्यायालाही खात्री नव्हती.

खात्रीचा पर्याय समाजासाठी उभा करायचा म्हणजे काय, हे त्यांनी पुढे दाखवले. सुरुवात कॉलेजपासून झाली नाही, वसतिगृहापासून झाली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1908 ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 ला सोलापुरात वसतिगृह काढले. कॉलेज कितीही चांगले असो, शहरात कोणी खोली देणार नसेल तर ते यादीत येऊच शकत नाही, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते. मग 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही लष्कराच्या बराकींत. वर्ग सकाळी भरत, कारण शिकणाऱ्या पोराला दिवसा नोकरी करावी लागे. 1950 ला औरंगाबादेत कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद. तोवर मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबादकडे पाहावे लागे.

ही महाविद्यालये कोणाच्या यादीत शेवटच्या ओळीची नव्हती. मिलिंदमध्ये म. ना. वानखेडे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे शिकवत होते. नागसेनवनातून दलित साहित्याची एक अख्खी पिढी बाहेर पडली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांतून पँथरचे राजकारण शिजले. आज या संस्थांची अवस्था काय आहे आणि ती कोणी केली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो लिहावा लागेलच.

दुसरीकडे बाबासाहेब सरकारच्या यादीतही आपली ओळ घालत होते. 1942 ला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांचा भर विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर होता. कला आणि कायदा आपली मुले कशीबशी शिकतील, पण प्रयोगशाळेचा खर्च त्यांना झेपणार नाही, असा तो मुद्दा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच काळात, 1944 ला सुरू झाली.

आणि इथे आपल्या इतिहासातले एक पान आहे जे नव्या पिढीला माहीतच नसते. 1956 ला धम्मदीक्षा झाली. अनुसूचित जातीचा दर्जा तेव्हा धर्माशी बांधलेला होता. बौद्ध झालो की कागदावर तो दर्जा गेला. महाराष्ट्राने 1960 ला नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत घेतले ते थेट 1990 ला, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. आयआयटीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा 1973 ला आल्या. म्हणजे सतरा वर्षे, कागदावर "बौद्ध" लिहिणाऱ्या पोरासाठी त्या राखीव जागा नव्हत्याच. दाखल्यावर "हिंदू महार" ठेवले तर यादी लांब होते, "बौद्ध" लिहिले तर आखूड होते. आपल्या आजोबांच्या पिढीने घरोघरी हा हिशेब केला. कोणी स्वाभिमानापायी जागा सोडली, कोणी जागेपायी दाखला तसाच ठेवला. "दाखल्यावर हिंदू आणि भिंतीवर बुद्ध" म्हणून आजही काही जण हिणवतात. त्यांनी ती सतरा वर्षे एकदा मोजावीत.

तोवर शिक्षणाचा बाजार सुरू झाला होता. 1983 पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि साखर कारखान्यांच्या शेजारी कॉलेजे उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या इनामदार निकालात सांगितले की खासगी विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येत नाही. त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षी संसदेने 93 वी घटनादुरुस्ती केली आणि कलम 15(5) आले. पण ते कलम सरकारला फक्त अधिकार देते. खासगी अभिमत विद्यापीठांत राखीव जागांची सक्ती करणारा केंद्रीय कायदा आजही नाही. पोराची यादी करताना कॉलेजचे नाव वाचून भागत नाही, ते कोणत्या कायद्याखाली उभे आहे हेही वाचावे लागते.

एका निकालाबद्दल मात्र प्रत्येक कार्यकर्त्याला माहिती हवी. रितेश शाह विरुद्ध डॉ. वाय. एल. यमुल, 1996. प्रकरण महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशाचे. आपला विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत बसला, पण खुल्या यादीतून त्याला जे कॉलेज मिळते त्यापेक्षा चांगले कॉलेज त्याच्याहून कमी गुणांच्या राखीव उमेदवाराला मिळते, तर त्याने काय करायचे? न्यायालय म्हणाले, कॉलेज निवडताना त्याला राखीव जागेचा पर्याय घेता येईल, आणि तरी त्याची मोजणी गुणवत्तेवर आलेला म्हणूनच होईल, राखीव कोट्यात होणार नाही. म्हणजे पसंतीक्रम हा हक्काचा प्रश्न आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही आपली हुशार मुले फक्त एस.सी.चा कटऑफ पाहून यादी करतात आणि खुल्या कटऑफचा रकाना झाकून ठेवतात. हे आम्ही दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी चिडतो.

दुसरी भीती अशी की "वरचं कॉलेज आधी टाकलं तर खालचं पण जाईल." केंद्रीय प्रवेश फेरीत असे होत नाही. संगणक यादी वरून खाली वाचत येतो आणि तुमच्या गुणांना बसणारा पहिला पर्याय देतो. वरचे दहा मिळाले नाहीत तरी अकराव्यावरचा हक्क तसाच राहतो. नुकसान होते ते नको असलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकल्याने. अकरावीच्या प्रवेशात पहिल्या पसंतीचे मिळाले आणि घेतले नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून पोर बाहेर पडते. त्या "मोफत मार्गदर्शन"वाल्यांचा धंदा अशाच नियमांवर चालतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप दोन्ही जातात, हे तो माणूस सांगत नाही. आई कर्ज काढते तेव्हा कळते.

परदेशाच्या यादीचेही तेच. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. 9 मे 1916 रोजी कोलंबियात एका तरुणाने भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तो विषय आज त्या शिष्यवृत्तीच्या अर्जात चालणार नाही. समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे जरा जास्तच लागते.

म्हणून आम्ही आता पोरांना यादीसाठी वही करायला लावतो. खुला कटऑफ आणि आपला कटऑफ शेजारी शेजारी. फी किती, फ्रीशिप लागू आहे का. शासकीय वसतिगृह आहे का, नसेल तर स्वाधार योजनेत बसते का; मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 आहे. आणि शेवटचा रकाना असा की तिथे आपली मुले आहेत का, एस.सी.-एस.टी. सेल नुसता फलकावर आहे की चालू आहे. रोहित वेमुला 2016 ला गेला, पायल तडवी 2019 ला गेली. दोघेही आपापल्या यादीतल्या वरच्या जागी पोहोचलेले होते. वरचे कॉलेज टाळा, असे आम्ही यावरून म्हणत नाही. पोराला एकटे पाठवू नका, जाण्याआधी तिथल्या आपल्या एका सिनिअरचा नंबर हातात द्या, एवढे म्हणतो.

त्या सात पर्यायांच्या पोराचा फॉर्म त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा भरला. मुदत रात्री संपत होती, सर्व्हर दोनदा बंद पडला. वडील पूर्ण वेळ मागे उभे होते. पर्याय बेचाळीस झाले. शासकीय महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर आले, चौकातल्या माणसाचे कॉलेज एकोणचाळिसाव्यावर गेले. जवळचे एक वडिलांच्या आग्रहाखातर बाराव्यावर ठेवले. "फॉर्म लॉक" करण्याआधी वडिलांनी एकच विचारले, तिथं होस्टेलला जेवण कसं असतं?