मूळ रूप म्हणजे कोणत्या सालचं?

जुनं विमान 'मूळ रूपात आणलं' अशी बातमी वाचली, की संशोधकाने आधी विचारावं: मूळ म्हणजे कोणत्या सालचं? 'ग्रोव्हनर हाउस' या डीएच ८८ कॉमेट विमानाबाबत तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

२० ऑक्टोबर १९३४ ला इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलहून मेलबर्नची शर्यत सुरू झाली. वाटेत बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर वगैरे ठिकाणी उतरणं सक्तीचं होतं. स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी हे लाल विमान साधारण ७१ तासांत नेलं आणि शर्यत जिंकली. विमान लाकडी, दोन इंजिनांचं, खास या शर्यतीसाठी डी हॅविलँडने बांधलेलं. त्याच्या पंख्यांची गंमत बघा. उड्डाणाआधी सायकलच्या पंपाने हवा भरून पात्यांचा कोन उड्डाणाला सोयीचा करायचा. वेग वाढला की समोरच्या वाऱ्याने एक चकती दाबली जायची, हवा सुटायची आणि कोन बदलायचा. हवेत असताना तो परत पहिल्यासारखा करता येत नसे!

पुढे हवाई मंत्रालयाने ते चाचण्यांसाठी घेतलं, चंदेरी रंगवलं. अपघात झाला, भंगारात विकलं गेलं. कोणीतरी पुन्हा उभं केलं आणि १९३७ मध्ये 'द बर्बरी' या नावाने ते केपटाउनला जाऊन परत आलं. १९३८ मध्ये न्यूझीलंडपर्यंतही. युद्धकाळात ते उघड्यावर पडून होतं. १९५१ च्या लंडनमधल्या महोत्सवात डागडुजी करून छताला टांगलं.

शटलवर्थ संग्रहासाठी सुरू झालेली मोठी दुरुस्ती संपून ते १९८७ मध्ये उडालं ते लाल रंगात, १९३४ च्या नावानिशी. म्हणजे एक साल निवडलं आणि बाकीची सालं रंगाखाली गेली. २००२ मध्ये उतरताना चाकांचा सांगाडा कोसळला. मग त्याच्या रचनेत बदल केले आणि १ ऑगस्ट २०१४ ला विमान परत आकाशात गेलं. चाकांपुरतं ते आता १९३४ चं नाही.

मला हा बदल मान्य आहे; उडणारं विमान उडवूनच कळतं. पण कोणता भाग कधी बदलला याची नोंद नसेल, तर पुढचा संशोधक २०१४ ची रचना मोजून १९३४ बद्दल निष्कर्ष काढेल.

त्याच शर्यतीत अलाहाबादला बाद झालेलं 'ब्लॅक मॅजिक' हे दुसरं कॉमेट. त्याचे अवशेष पोर्तुगालमध्ये सापडले आणि त्यावरून ते इंग्लंडमध्ये पुन्हा बांधायला घेतलं. तिथे तर जुनं लाकूड किती उरलं, इथूनच सुरुवात आहे.