वेस्टमोरलंडचे न्यायाधीश दलीपसिंग सौंद

आपल्याकडे न्यायाधीशाची नेमणूक होते. त्याने मते मागत दारोदार हिंडावे ही कल्पना आम्हांस चमत्कारिक वाटते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मात्र खालच्या कोर्टाचे न्यायाधीश लोक मत देऊन निवडतात. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतील वेस्टमोरलंड या लहानशा गावी १९५२ साली असे एक न्यायाधीश निवडून आले. ते होते पंजाबातून आलेले शेतकरी, डॉ. दलीपसिंग सौंद. त्यांचा परिचय ज्ञातिबंधुभगिनींना करून द्यावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

सौंद यांचा जन्म १८९९ साली अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी गावी झाला. आईवडील निरक्षर, मुलाने मात्र पंजाब विद्यापीठाची पदवी घेतली. फळे टिकविण्याची विद्या शिकावी या हेतूने ते १९२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले, परंतु पुढे गणिताकडे वळले आणि १९२४ मध्ये त्या विषयाचे डॉक्टर झाले. एवढ्या विद्येचे फळ काय मिळाले? शेतमजुरांवरील मुकादमी! हिंदी माणसास त्या देशात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा नव्हती.

याचे मूळ कायद्यात होते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने असा निर्णय दिला की, हिंदी लोक ‘गोरे’ नव्हेत, सबब ते नागरिकत्वास अपात्र होत. या खटल्यात थिंड यांच्या बाजूने काय मांडले गेले, हे आमच्यासारख्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. आपण उच्च जातीचे आर्य आहोत आणि उच्चवर्णीय हिंदू इतरांशी रक्तसंबंध टाळतो, म्हणून आपणांस गोऱ्यांत गणावे, असा तो युक्तिवाद होता. कोर्टाने तो मानला नाही. उच्चनीचतेच्या शिडीची एक पायरी मागावयास गेलेल्यास तीच शिडी दाखवून परत पाठविण्यात आले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, पण ते गाळणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यास कॅलिफोर्नियात जमीन स्वतःच्या नावे घेता येत नसे. सौंद यांनी १९२८ साली मेरियन कोसा या चेक कुळातील तरुणीशी विवाह केला. त्या वेळच्या कायद्याने, अशा अपात्र परदेशीयाशी लग्न करणारी स्त्रीही आपले नागरिकत्व गमावीत असे. कॅथरीन मेयोबाईंच्या ‘मदर इंडिया’ने आपल्याकडे उठलेले वादळ वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहेच, तिला उत्तर म्हणून सौंद यांनी १९३० साली ‘माय मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिले. शेतीत त्यांनी मंदीचे फटके खाल्ले. पुढे नागरिकत्वाच्या हक्कासाठी चळवळ करणाऱ्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. अखेरीस २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी लूस–सेलर कायद्यावर सही केली आणि हिंदी लोकांस नागरिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. १६ डिसेंबर १९४९ रोजी सौंद नागरिक झाले. देशात पाऊल टाकल्यास तोवर एकोणतीस वर्षे लोटली होती!

पुढच्याच वर्षी ते न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडूनही आले. पण नागरिकत्वास वर्ष पुरे झाले नव्हते, या कारणास्तव त्यांस जागा नाकारण्यात आली. दुसरा एखादा घरी बसला असता. ते १९५२ साली पुन्हा उभे राहिले. त्या वेळी एका गृहस्थाने त्यांस खोचून विचारले की, तुमच्या कोर्टात येताना पगड्या तुम्ही पुरवणार की आम्ही विकत घ्यावयाच्या? सौंद स्वतः तेव्हा पगडी बांधीत नसत. ते रागावले नाहीत. डोक्यावर काय आहे याची आपणांस पर्वा नाही, डोक्यात काय आहे तेवढे आपण पाहतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ही हकीकत त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

या कोर्टापुढे लहान रकमांचे दावे आणि किरकोळ गुन्हे येत. अशा छोट्या कोर्टांचा न्यायाधीश त्या काळी वकील असलाच पाहिजे असे नव्हते, आणि सौंद वकील नव्हते. पुढे १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कैदेची शिक्षा होऊ शकणारे खटले कायद्याचे शिक्षण नसलेल्या न्यायाधीशापुढे चालविण्यास हरकत घेतली, ती आम्हांस रास्तच वाटते. न्यायदानाच्या जोडीला सौंद रासायनिक खतांची विक्री करीत.

१९५६ साली ते अमेरिकन काँग्रेससाठी उभे राहिले. प्रतिस्पर्धी होत्या सुप्रसिद्ध वैमानिक जॅकलीन कॉक्रन. सौंद विजयी झाले, १ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि काँग्रेसमध्ये बसणारे ते पहिले आशियाई वंशाचे सभासद ठरले. लौकिक झाला तो याचाच. आम्हांस मात्र आधीची चार वर्षे मोलाची वाटतात. काँग्रेसचा सभासद दूर वॉशिंग्टनला असतो. गावचा न्यायाधीश शेजाऱ्याला दंड करतो आणि संध्याकाळी त्याच शेजाऱ्याला रस्त्यात भेटतो. ज्यास कायद्याने नागरिक होण्यास नालायक ठरविले, त्याच्याच हाती परजातीच्या, परधर्माच्या शेजाऱ्यांनी आपली भांडणे सोपविली. आमच्यापैकी कितीजण आपला तंटा ज्ञातीबाहेरच्या पंचाकडे नेतील?

सौंद १९५८ व १९६० सालीही निवडून आले. १९६२ साली त्यांस पक्षाघात झाला, त्या वर्षीची निवडणूक ते हरले आणि १९७३ साली वारले. कॅलिफोर्नियातील ती छोटी न्यायालयेही मतदारांनी १९९४ साली कौल देऊन बंद केली. त्यांचे काम वरच्या कोर्टांकडे गेले.