माग रिकामा राहत नाही

वाचन : निर्गम ३९:३२-४३, यशया ३८:९-२०, इब्री ११:३९-४०



एखादे वस्त्र पूर्ण झाले असे केव्हा म्हणावे? शेवटचा आडवा धागा बसला की झाले, असे आपल्याला वाटते. विणकर तसे म्हणत नाही. विणणे संपल्यावरही त्याच्यापुढे बरेच काम उरलेले असते, आणि त्या उरलेल्या कामात आपल्या विश्वासाच्या जीवनासाठी मोठा धडा आहे. तो समजून घेण्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. आज त्याच गावाची गोष्ट सांगायची आहे.

अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. त्यांच्या घरात एकामागून एक माणसे गेली. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. ज्यांनी राज्य सांभाळायचे ते तिघेही आपले काम अर्धे टाकून गेले. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला, महेश्वरला राजधानी केली आणि १७९५ पर्यंत राज्य चालवले. महेश्वरात त्यांनी घाट बांधले, मंदिरे बांधली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. त्या विणकरांत मोमीन मुसलमान होते, तशी मारू आणि साळवी घराणीही होती. दरबारात आलेल्या पाहुण्यांना देण्यासाठी साड्या आणि पागोट्याचे कापड इथेच विणले जाऊ लागले. किल्ल्याच्या भिंतींवरची आणि घाटावरची नक्षी साडीच्या काठावर उतरली. नर्मदेच्या लाटा, चटाईची वीण, विटांची रांग हे काठ आजही त्याच नावांनी ओळखले जातात. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे साडीला उलटी-सुलटी बाजू नसते. चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी ही साड्यांची नावे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होती.

आता मागाकडे वळू. मागावर उभे धागे ताणलेले असतात. तो ताणा. त्यातून आडवा धागा धोट्याने इकडून तिकडे जातो. तो बाणा. महेश्वरी साडीत बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ताणा एका साडीपुरता लावत नाहीत. एका लांब ताण्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या निघतात. एक साडी विणून झाली की विणकर थोडी जागा न विणता तशीच सोडतो आणि मग पुढची साडी सुरू करतो. ती न विणलेली जागा कापली की साडीच्या टोकाला मोकळे धागे लोंबत राहतात. आपण त्यांना दशा म्हणतो. दशा वळून, गाठी मारून त्यांचे गोंडे करतात. काठाशी सुटलेली टोके कातरतात, वीण कुठे विरळ पडली आहे का ते उजेडात धरून पाहतात, आणि मग घडी घालतात.

दशा आणि गोंडे हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. गणना १५ मध्ये देवाने इस्राएलांना वस्त्राच्या टोकांना गोंडे लावायला सांगितले, म्हणजे ते पाहून त्यांना देवाच्या आज्ञांची आठवण होईल. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने गर्दीतून हात घातला तो प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्यालाच. वस्त्र जिथे संपते ते टोक देवाने आठवणीसाठी राखले, आणि त्या टोकाला हात लावलेली स्त्री बरी झाली.

पण ताण्याचेही शेवट येते. सगळ्या साड्या विणून झाल्या तरी शेवटचा काही भाग विणताच येत नाही, कारण ते धागे मागच्या फणीत आणि धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांत ओवलेले असतात. हा भाग वाया गेला असे पाहणाऱ्याला वाटते. विणकर मात्र ते धागे ओढून काढत नाही. तो त्यांची टोके मागावर तशीच ठेवतो. नवा ताणा आला की जुन्या प्रत्येक धाग्याला नवा धागा एकेक करून जोडतो. असे हजारो धागे असतात. बोटांनी पीळ द्यायचा, पुढचा धागा घ्यायचा, पुन्हा पीळ द्यायचा. एक धागा चुकला तर पुढच्या सगळ्या कापडात तो दिसतो. सगळे जोडून झाले की ताणा हळूच पुढे ओढतात. जुने धागे नव्या धाग्यांना आपल्या वाटेने फणीतून पुढे नेतात आणि मग त्यांचे काम संपते. जुना ताणा लाल असेल, नवा निळा असेल. तो जोड कुठल्याही साडीत दिसत नाही. पण तो नसता तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून ओवावे लागले असते.

महेश्वरच्या विणकामाचा इतिहासही असाच आहे. महिदपूरच्या लढाईनंतर १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. दरबार गेला तशी मोठी मागणीही गेली. त्यानंतर गिरणीचे स्वस्त कापड आले. पुढे आपल्या इंदुरातच कापड गिरण्यांची धुराडी उभी राहिली. महेश्वरात एकेक माग थांबत गेला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ही कला आता संपलीच, असे म्हणायची वेळ आली होती. पण काही घरांत जुनी माणसे अजून मागावर बसत होती. कोणता काठ कसा उचलायचा, पाच पट्ट्यांचा पदर कसा मोजायचा, हे त्यांच्या हातांना माहीत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात रेहवा सोसायटी सुरू केली. रेवा हे नर्मदेचेच नाव. तिथे स्त्रियांना माग शिकवण्यावर भर दिला गेला. त्या स्त्रियांना शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, कारण जुन्या हातांनी टोके सोडून ठेवली होती. आज महेश्वरी साडी देशभर नेसली जाते. नेसणाऱ्या बाईला तो जोड दिसत नाही.

पवित्र शास्त्रात विणकामाचे सर्वांत मोठे वर्णन निवासमंडपाचे आहे. देवाने बसालेल आणि अहलियाब यांना कौशल्य दिले, आणि दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही दिली (निर्गम ३५:३४). स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून आणले. दहा पडदे विणले गेले, प्रत्येक २८ हात लांब आणि ४ हात रुंद. पण दहा सुंदर पडदे म्हणजे निवासमंडप नव्हे. त्यांच्या किनारींना पन्नास-पन्नास बिरडी लावली, सोन्याच्या पन्नास आकड्यांनी ती एकमेकांत अडकवली, आणि तेव्हा कुठे तो एक मंडप झाला. काम पुरे झाल्यावर लोकांनी ते सगळे मोशेकडे आणले. मोशेने ते पाहिले आणि त्यांना आशीर्वाद दिला. जोडणे, आणून देणे आणि आशीर्वाद घेणे या तिन्ही गोष्टी झाल्यावर शास्त्र ते काम पूर्ण झाले म्हणते.

याच मागाची दुसरी, दुःखाची बाजू हिज्कीया राजाच्या प्रार्थनेत आहे. मरणाच्या दारात असताना त्याला वाटले, विणकर कापड गुंडाळतो तसे आपले आयुष्य गुंडाळले गेले आणि देव आपल्याला मागावरून कापून काढत आहे (यशया ३८:१२). हे वचन वाचताना अंगावर काटा येतो. आपल्यातल्या पुष्कळांनी हे अनुभवले आहे. आजारात, म्हातारपणात, मुले दूर असताना मनात येते की माझे काम अर्धे राहिले, आता कातर लागली. त्या दुःखाला आम्ही हलके म्हणणार नाही. देवानेही म्हटले नाही. त्याने हिज्कीयाचे रडणे ऐकले आणि त्याला पंधरा वर्षे अधिक दिली. पण ती पंधरा वर्षेही एक दिवस संपलीच. म्हणून आपली आशा मिळालेल्या वर्षांवर नसते. ज्याच्या हातात कातर आहे त्याच्याच हातात मागही आहे, हीच आपली आशा आहे.

आपल्या मराठी मंडळीला या गोष्टीची एक जवळची साक्ष आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभूचे चरित्र काव्यात लिहायला घेतले, ते ख्रिस्तायन. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. ज्या लक्ष्मीबाईंचे शाळेतले शिक्षण जवळजवळ नव्हतेच, त्यांनी ते काम उचलले आणि कितीतरी अधिक अध्याय लिहिले. पुढे १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा त्यांची स्वतःची स्मृतिचित्रे पुरी झाली नव्हती. शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. पतीचा धागा पत्नीने जोडला, आईचा मुलाने. तिघांपैकी कोणाचेच काम वाया गेले नाही.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. संडे स्कूल चालवणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनी थकल्या आहेत. जुन्या भजनांच्या चाली मोजक्याच गळ्यांत उरल्या आहेत. वेदीवरच्या कापडाची नाजूक कड शिवणाऱ्या हातांना आता सुई दिसत नाही. तरुण मुले पुण्याला, बंगळूरला नोकरीला गेली. सगळे आपल्याच हातून पुरे व्हावे असे प्रत्येकाला वाटते आणि तसे न झाल्याचा सल मनात राहतो. त्यांना आम्ही प्रेमाने सांगतो, आजीआजोबांनो, विणायचे राहिले म्हणून कष्टी होऊ नका, पण टोके सोडून जा. चाल कोणाला तरी शिकवा. वहीत काय आहे ते कोणाला तरी समजावून द्या. जो शेवटचा धागाही ओढून नेतो, त्याच्या मागावर पुढच्याला जोडायला काही उरत नाही.

आणि तरुणांना सांगतो, जुने धागे कापून फेकू नका. तुमचा रंग निराळा असेल, असू द्या. एकेक धागा जोडा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची कोणी टाळ्या वाजवून वाहवा करत नाही, आणि झाल्यावर ते दिसतही नाही. या महिन्यात मंडळीतल्या एका वृद्ध व्यक्तीकडे तासभर बसा आणि एक गोष्ट शिकून या. एवढ्यापासून सुरुवात होईल.

इब्री लोकांस पत्राचा लेखक विश्वासातल्या वाडवडिलांची नावे सांगतो आणि शेवटी म्हणतो की त्यांना वचनाचे फळ मिळाले नाही, कारण देवाने आपल्यासाठी काही अधिक चांगले योजले होते आणि आपल्यावाचून ते पूर्ण होणार नव्हते. अब्राहामाचा धागा आपल्यापर्यंत आला आहे. पूर्णपणे पुरे झालेले काम जगात एकच आहे. वधस्तंभावर प्रभूने ते पुरे केले आणि तसे सांगूनच प्राण सोडला. त्या दिवशी शिपायांनी त्याचा बिनशिवणीचा, वरपासून सबंध विणलेला झगा फाडला नाही. त्याने आपले काम पुरे केले आहे, म्हणून आपले अर्धे राहिलेले काम आपल्याला भिववू शकत नाही. आपण ते त्याच्या हातात देऊ शकतो.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या आधी ज्यांनी विणले त्यांच्यासाठी तुझे आभार मानतो. जे काम आमच्या हातून राहील ते तुझ्या हाती सोपवायला आम्हांला शिकव. जोडण्याचे धीराचे काम आम्हांला दे, आणि आमच्यामागून येणाऱ्यांसाठी टोके राखण्याची प्रीतीही दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.