कॉलमचा क्रम: कॉडने सोडला, एसक्यूएलने धरला

माझ्या प्रबंधाच्या डेटामध्ये एकदा मे महिन्यात रोज दहा मिलिमीटर पाऊस पडला आणि जुलैत जवळजवळ पडलाच नाही! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की 'पाऊस' आणि 'बाष्पीभवन' या दोन कॉलमची अदलाबदल झाली होती. जुन्या डेटाबेसमधून नव्यात डेटा नेताना मी आधी स्कीमांची तुलना केली होती, आणि टूल म्हणालं होतं, 'काहीही फरक नाही'. मग मी 'सिलेक्ट स्टार' वापरून सगळा डेटा ओतला. दोन्ही कॉलम दशांश संख्यांचे, त्यामुळे एररही आली नाही.

टूल खोटं बोलत होतं का? नाही. त्याच्या सेटिंगमध्ये कॉलमच्या क्रमाकडे दुर्लक्ष करायचं, असं मीच ठरवून ठेवलं होतं. पण असा पर्याय मुळात का असतो? त्यासाठी 1970 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएमच्या सॅन होजे येथील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा प्रसिद्ध निबंध लिहिला. गणितातल्या रिलेशनमध्ये घटकांना क्रम असतो, हे त्यांनी मान्य केलं. पण पुरवठादार, भाग, प्रकल्प, संख्या असा क्रम वापरणाऱ्याने का लक्षात ठेवायचा? म्हणून वापरणाऱ्यापुरता क्रम सोडून द्यावा आणि घटक नावाने ओळखावेत, असं त्यांनी सुचवलं.

चारच वर्षांनी, 1974 मध्ये, त्याच सॅन होजेमधून चेंबरलिन आणि बॉइस यांची 'सीक्वेल' भाषा आली. पुढे तीच एसक्यूएल झाली आणि 1986 मध्ये तिचं अमेरिकी प्रमाणीकरण झालं. या भाषेत क्रम मागच्या दाराने परत आला. 'सिलेक्ट स्टार', कॉलमची नावं न देता केलेलं 'इन्सर्ट', 'युनियन' या सगळ्यांत कॉलमची जोडी जागेवरून लागते. 1992 च्या प्रमाणात तर प्रत्येक कॉलमच्या क्रमांकाची नोंद ठेवायला 'ऑर्डिनल पोझिशन' आली. डेट आणि डार्वेन यांनी 1995 च्या 'थर्ड मॅनिफेस्टो'मध्ये या क्रमाला साफ नकार दिला, पण तोवर जग एसक्यूएलवर चालू लागलं होतं.

तुलना करणारी टूल्स नेमकी या भांडणाच्या मध्ये सापडली. मायएसक्यूएलमध्ये 'आफ्टर' लिहून नवा कॉलम हव्या त्या जागी घालता येतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र तो शेवटीच जातो. तिथे क्रम जुळवायचाच असेल तर नवं टेबल बनवा, डेटा कॉपी करा, जुनं टेबल काढा, नव्याला जुनं नाव द्या आणि इंडेक्स, फॉरेन की, परवानग्या पुन्हा उभ्या करा. टेबल मोठं असेल तर हे काम बराच वेळ खातं. म्हणून टूल्स निर्णय आपल्यावर सोडतात. गंमत म्हणजे रेडगेटच्या एसक्यूएल कंपेअरमध्ये पर्याय आहे 'क्रम सक्तीने जुळवा', तर मायक्रोसॉफ्टच्या सीक्वेलपॅकेजमध्ये आहे 'क्रमाकडे दुर्लक्ष करा'. प्रश्न एकच, विचारायची दिशा उलटी.

आता मी काय करतो? तुलना करताना क्रमातला फरक दिसू देतो, पण तेवढ्यासाठी टेबल पुन्हा बांधत नाही. डेटा हलवताना दोन्ही बाजूंना कॉलमची नावं लिहितो, मग ती चाळीस का असेनात. आणि शेवटी एका ओळखीच्या महिन्याची सरासरी दोन्हीकडे काढून पाहतो.

'फरक नाही' असं कोणतंही टूल म्हणालं, तर आधी विचारा: कोणता फरक मोजायचा नाही, असं त्याला सांगून ठेवलंय? मी हे विचारलं नाही, म्हणून माझा पाऊस मे महिन्यात पडला.