भोपळ्याचे घारगे आणि धिरडी : पोषण किती आणि कशातून?

लाल भोपळ्याचा कीस, गूळ आणि पीठ एकत्र करून तळलेल्या गोड पुऱ्यांना घारगे किंवा घाऱ्या म्हणतात. त्याच किसात तांदळाचे पीठ आणि बेसन कालवून तव्यावर पातळ पसरले की धिरडे होते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका हा भाताचा पट्टा. त्यामुळे येथे दोन्ही पदार्थांत तांदळाचे पीठ सहज येते, तर घारग्यांसाठी अनेक घरांत कणीकही वापरतात. भोपळा पौष्टिक, म्हणून त्याचे पदार्थही पौष्टिक असे धरले जाते. प्रत्यक्षात एकाच भोपळ्यापासून केलेल्या या दोन पदार्थांचे पोषण बरेच वेगळे असते.

एक भाजी, अनेक नावे

या भाजीला कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात लाल किंवा तांबडा भोपळा, काही भागांत डांगर, काशीफळ किंवा गंगाफळ म्हणतात. विदर्भात ती कोहळे म्हणून ओळखली जाते आणि तिची बोंडे तिथे आवडीने खाल्ली जातात. भिवंडीत यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या तोंडी ती कद्दू किंवा गुम्मडी असते. अखंड भोपळा थंड, कोरड्या जागी फ्रिजशिवाय काही महिने टिकतो आणि कापल्यावर फोडींनी विकला जातो. लहान खोलीत राहणाऱ्या, रोजच्या कमाईवर खरेदी करणाऱ्या घराला त्यामुळे तो परवडतो.

भोपळ्यात काय असते?

१०० ग्रॅम कच्च्या भोपळ्यात सुमारे ९१ ग्रॅम पाणी असते. त्यातून अंदाजे २६ किलोकॅलरी ऊर्जा, १ ग्रॅम प्रथिने आणि ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. त्याचे खरे महत्त्व कॅरोटीनमध्ये आहे. हे केशरी रंगद्रव्य शरीरात अ जीवनसत्त्वात बदलते. गडद गराच्या १०० ग्रॅम भोपळ्यातून सुमारे ४०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्वाइतके कॅरोटीन मिळू शकते. गर फिकट पिवळा असेल तर हे प्रमाण कितीतरी कमी असते. म्हणून फोड घेताना सालीपेक्षा गराचा रंग पाहावा. भोपळा कापून विकला जातो, त्यामुळे ही पारख ग्राहकाला विकत घेण्याआधीच करता येते.

अ जीवनसत्त्व दृष्टीसाठी आणि संसर्गाशी लढण्यासाठी लागते. दीर्घकाळ कमतरता राहिली तर रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळालाही इजा होऊ शकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५१० मायक्रोग्रॅम, तर प्रौढ स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळायला हवे.

घारग्यांचा हिशेब

२०० ग्रॅम भोपळा, १०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम कणीक यांचे साधारण २० लहान घारगे होतात. तळताना सगळ्यांत मिळून ६० ग्रॅम तेल शोषले गेले असे धरले, तर घाण्याची एकूण ऊर्जा सुमारे १,६५० किलोकॅलरी भरते. तिची वाटणी अशी :

- कणीक : सुमारे ४१ टक्के
- तेल : सुमारे ३३ टक्के
- गूळ : सुमारे २३ टक्के
- भोपळा : सुमारे ३ टक्के

पिठाच्या गोळ्यात वजनाने भोपळा चाळीस टक्के असतो, पण ऊर्जा जवळजवळ सगळी बाकीच्या जिनसांतून येते. चार घारग्यांतून सुमारे ३३० किलोकॅलरी, ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि २० ग्रॅम गूळ पोटात जातो. भोपळा गडद असेल तर १७० मायक्रोग्रॅमपर्यंत अ जीवनसत्त्व मिळते, म्हणजे लहान मुलाच्या गरजेचा तिसरा हिस्सा. शिजवताना आणि तळताना यातले काही कमी होते. कॅरोटीन तेलात विरघळते, त्यामुळे त्याचा थोडा भाग तळणीच्या तेलातही उतरतो.

धिरड्यांचा हिशेब

२०० ग्रॅम भोपळा, ८० ग्रॅम तांदळाचे पीठ, ४० ग्रॅम बेसन आणि चार चमचे तेल यांची सहा धिरडी होतात. दोन धिरड्यांतून सुमारे २२५ किलोकॅलरी आणि ५ ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. गूळ नसतो. भोपळा गडद असेल तर अ जीवनसत्त्व २८० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे त्याच मुलाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. याचे कारण सरळ आहे. चार घारग्यांत ४० ग्रॅम भोपळा असतो, तर दोन धिरड्यांत ६६ ग्रॅम. शिवाय तांदूळ आणि हरभरा एकत्र आल्याने दोघांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात.

कॅरोटीन अंगी लागण्यासाठी जेवणात थोडे तेल-तूप हवेच, पण त्यासाठी एखादा चमचा पुरतो. कढईभर तेलाची गरज नसते.

गुळाबद्दलचा गैरसमज

गूळ असल्यामुळे घारग्यांनी रक्त वाढते, असा समज आहे. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. चार घारग्यांतून भोपळा, कणीक आणि गूळ मिळून साधारण ३ मिलिग्रॅम येते आणि त्यातलेही थोडेच शरीरात शोषले जाते. रक्तक्षयावर घारगे हा उपाय नाही. त्यासाठी तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात. मधुमेहासाठी गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. जागतिक आरोग्य संघटना आहारातील वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगते. २,००० किलोकॅलरीच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते आणि गूळही तिच्यात मोजला जातो.

कोणासाठी काय?

घारगे वाईट नाहीत. पीठ पाण्याशिवाय भिजवलेले आणि गूळ घातलेले असल्याने ते दोन-तीन दिवस टिकतात आणि प्रवासात डब्यात नेता येतात. बारा तासांच्या पाळीत मागावर उभे राहणाऱ्या कामगाराला, भात लावणीत राबणाऱ्याला किंवा वजन कमी असलेल्या मुलाला थोडक्या घासांत जास्त ऊर्जा लागते, तिथे ते उपयोगी पडतात. बैठे काम करणाऱ्याने, मधुमेहीने किंवा वजन वाढलेल्याने मात्र ते सणापुरते ठेवून एरवी धिरडी करावीत.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस दिले जातात. घरी भोपळा खाऊ घातला म्हणून हे डोस चुकवू नयेत आणि डोस झाले म्हणून आहारातील भोपळा, गाजर व पालेभाज्या थांबवू नयेत.

घरच्या घरी पोषण वाढवायचे तर भोपळा गडद निवडावा, तो झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवावा आणि ते पाणी पिठातच वापरावे. घारग्यात गूळ निम्मा केला तरी पिकलेल्या भोपळ्याची गोडी पुरते. बिया टाकू नयेत. वाळवून, भाजून सोललेल्या बियांत १०० ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम प्रथिने असतात. त्या कुटून धिरड्यासोबतच्या चटणीत घालता येतात.