अलास्काचा प्रवासी जहाज प्रदूषण कायदा

अमेरिकेच्या अलास्का राज्याने २००१ साली केलेला कायदा. व्यापारी प्रवासी जहाजांतून, म्हणजे मुख्यतः क्रूझ जहाजांतून, राज्याच्या सागरी हद्दीत सोडले जाणारे मैलापाणी, सांडपाणी, कचरा आणि धूर हा त्याचा विषय. राज्याच्या पर्यावरण संवर्धन खात्याकडे त्याची अंमलबजावणी आहे. २५० किंवा अधिक प्रवाशांच्या रात्रमुक्कामाची सोय असलेले जहाज मोठे आणि ५० ते २४९ प्रवाशांचे ते लहान, अशी त्यात विभागणी आहे. राज्याच्या स्वतःच्या मालकीच्या फेरीबोटीही त्यातून सुटत नाहीत. क्रूझ जहाजांच्या सांडपाण्याला कायद्याच्या कक्षेत आणणारे अलास्का हे अमेरिकेतील पहिले राज्य.

मैलापाणी आणि सांडपाणी हा भेद येथे महत्त्वाचा आहे. मैलापाणी शौचालयांचे, सांडपाणी स्नानगृहे, मुदपाकखाना आणि धुलाईघर यांचे. अलास्कात केलेल्या पाहणीच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काढलेला अंदाज असा की, क्रूझ जहाजावर माणशी रोज सुमारे ३२ लिटर मैलापाणी आणि सुमारे २५० लिटर सांडपाणी तयार होते. प्रवासी आणि कर्मचारी मिळून तीन हजार माणसे असलेल्या जहाजाचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. एवढे असूनही २००१ पूर्वी सांडपाण्याकडे कायद्याचे फारसे लक्ष नव्हते. जहाजांच्या प्रदूषणाविषयीचा ‘मारपोल’ हा आंतरराष्ट्रीय करार मैलापाण्याबद्दल बोलतो, सांडपाण्याबद्दल नाही. अमेरिकेच्या संघीय जलशुद्धता कायद्यातही ग्रेट लेक्सचा अपवाद सोडला तर जहाजांच्या सांडपाण्यावर अंकुश नव्हता.

दुसरी अडचण भूगोलाची होती. आग्नेय अलास्काचा किनारा म्हणजे अलेक्झांडर द्वीपसमूहातील सुमारे अकराशे बेटे आणि त्यांच्यामधले खोल, अरुंद जलमार्ग. ‘इनसाइड पॅसेज’ या नावाने ओळखला जाणारा क्रूझ जहाजांचा रस्ता याच बेटांमधून केचिकन, जुनो, स्कॅगवे असा उत्तरेकडे जातो. राज्याची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत. पण काही जलमार्ग इतके रुंद आहेत की दोन्ही काठांपासून तीन मैल मोजल्यावरही मध्ये पाण्याचा एक तुकडा हद्दीबाहेर उरतो. चहूबाजूंनी अलास्काची जमीन असलेल्या या तुकड्यांत शिरून जहाजे टाक्या रिकाम्या करीत आणि त्यात बेकायदा काही नव्हते.

बेकायदाही बरेच चालले होते. १९९० च्या दशकात तेलकट पाणी गाळणाऱ्या यंत्राला वळसा घालून ते थेट समुद्रात सोडणाऱ्या नळ्या जहाजांवर सापडू लागल्या. खलाशांच्या बोलीत त्यांना ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. हॉलंड अमेरिका या कंपनीने १९९८ साली इनसाइड पॅसेजमधील अशा प्रकरणात गुन्हा कबूल केला. त्याहून गाजले ते रॉयल कॅरिबियनचे प्रकरण. जुलै १९९९ मध्ये या कंपनीने २१ गंभीर गुन्हे कबूल करून १ कोटी ८० लाख डॉलर दंड भरला. तेलाबरोबरच छायाचित्र धुण्याची आणि ड्रायक्लीनिंगची रसायनेही तिच्या जहाजांनी समुद्रात सोडली होती आणि त्या जागांमध्ये इनसाइड पॅसेजही होता. जुनो ही राज्याची राजधानी. तिथे पोहोचायला मोटारीचा रस्ता नाही, बोट किंवा विमान एवढेच. पर्यटनाचा पैसा येतो तो गावाच्या धक्क्यावर आणि घाण पडते ती गावाच्या मासेमारीच्या पाण्यात, हे तिथल्या लोकांना डोळ्यांदेखत दिसत होते. १९९९ च्या ऑक्टोबरात जुनोच्या मतदारांनी दर क्रूझ प्रवाशामागे पाच डॉलर कर बसवला.

कायद्याचे खरे मूळ मात्र या खटल्यांत नसून २००० च्या उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यांत आहे. राज्याचे पर्यावरण खाते, तटरक्षक दल आणि क्रूझ कंपन्या यांनी डिसेंबर १९९९ मध्ये एक संयुक्त उपक्रम सुरू केला होता आणि त्यात कंपन्यांनी नमुने देणे ऐच्छिक होते. आपल्या यंत्रणा उत्तम आहेत हे सिद्ध होईल, अशीच कंपन्यांची अपेक्षा असणार. झाले उलटे. प्रक्रिया केलेल्या मैलापाण्याच्या सुमारे ८० नमुन्यांपैकी जेमतेम एक नमुना संघीय निकषांना पूर्णपणे उतरला. त्यांतला एक निकष दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या २०० पेक्षा कमी असावी, असा होता. काही नमुन्यांत ती लाखांच्या घरात गेली. तटरक्षक दलाचे प्रमाणपत्र मिळालेली यंत्रे जहाजांवर होती, पण त्यांच्यातून बाहेर पडणारे पाणी नियमितपणे कोणी तपासत नव्हते. आणखी धक्का दिला सांडपाण्याने. निव्वळ साबणाचे आणि खरकटे पाणी म्हणून दुर्लक्षिलेल्या या पाण्यातही जिवाणूंची संख्या अनेकदा मैलापाण्याच्या तोडीची निघाली. या आकड्यांनंतर ऐच्छिक उपक्रमाची भाषा कोणाच्याच गळी उतरेना.

आधी हालचाल झाली वॉशिंग्टनमध्ये. अलास्काचे सिनेटर फ्रँक मर्कोव्स्की यांच्या पुढाकाराने डिसेंबर २००० मध्ये काँग्रेसने ५०० किंवा अधिक प्रवाशांच्या जहाजांसाठी खास अलास्कापुरता कायदा केला. बेटांमधले हद्दीबाहेरचे तुकडे त्याने नियमाखाली आणले आणि तिथे प्रक्रिया न केलेले मैलापाणी सोडण्यास बंदी घातली. राज्याने स्वतःचे निकष व तपासणी ठेवण्यालाही या कायद्यामुळे वाट मोकळी झाली. राज्याचे स्वतःचे विधेयक मात्र राज्याच्याच सिनेटमध्ये अडकले. गव्हर्नर टोनी नोल्स यांनी जून २००१ मध्ये केवळ त्यासाठी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले, विधेयक मंजूर करून घेतले आणि १ जुलैपासून कायदा लागू झाला.

त्यातल्या तरतुदी थोडक्यात अशा. जहाजाने राज्याकडे नोंदणी करायची. प्रक्रिया न केलेले मैलापाणी सोडायचे नाही. प्रक्रिया केलेले मैलापाणी आणि सांडपाणी या दोन्हींना जिवाणू व निलंबित घनकणांच्या मर्यादा पाळाव्या लागतील. किनाऱ्यापासून किमान एक सागरी मैल दूर आणि किमान सहा नॉटच्या वेगाने जात असतानाच पाणी सोडता येईल. अधिक कडक निकष पाळणाऱ्या जहाजांना यातून सूट. पाणी कधी, कुठे, किती सोडले याची नोंद ठेवायची आणि नमुने द्यायचे. तपासणीचा खर्च जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून भागवायचा. परिणाम लवकर दिसला. काही वर्षांतच अलास्कात येणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर जैविक प्रक्रिया, सूक्ष्म गाळणी आणि अतिनील किरण यांचा वापर करणाऱ्या प्रगत शुद्धीकरण यंत्रणा बसल्या. ज्यांना तो खर्च नको होता, त्यांनी पाणी साठवून बाहेरच्या समुद्रात न्यायचा मार्ग धरला. कायद्याने पाणी सोडण्यावर बंधन घातले होते, ते कुठे न्यावे यावर नाही.

पुढचा टप्पा विधिमंडळाने नव्हे, मतदारांनी गाठला. ऑगस्ट २००६ मध्ये नागरिकांनी मांडलेला प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. दर प्रवाशामागे ५० डॉलर, जहाजावरील जुगाराच्या उत्पन्नावर कर, पाणी सोडण्यासाठी परवाना आणि ‘ओशन रेंजर’ अशा त्याच्या चार बाजू. ५० पैकी ४ डॉलर रेंजरांसाठी राखीव होते. परवानाधारक सागरी अभियंता असलेला हा निरीक्षक प्रवाशांबरोबर जहाजावर राहून यंत्रणा आणि नोंदवह्या पाहत असे. अशी सोय तोवर अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. कंपन्या प्रवासी कराविरुद्ध न्यायालयात गेल्या. काही जहाजे दुसरीकडे वळवण्यात आल्यावर २०१० साली गव्हर्नर शॉन पार्नेल यांच्या काळात रेंजरांचे ४ डॉलर वगळता उरलेली ४६ डॉलरची रक्कम ३४.५० डॉलरवर आणण्यात आली.

२००६ च्या प्रस्तावातली सर्वांत कडक अट मात्र कराची नव्हती. नळीच्या तोंडाशीच, समुद्रात मिसळण्यापूर्वी, पाण्याने राज्याचे जलदर्जाचे निकष पूर्ण करावेत, अशी ती होती. जिवाणूंच्या बाबतीत नव्या यंत्रणांना ते जमले, पण अमोनिया, तांबे, निकेल आणि जस्त आडवे आले. तांबे बरेचसे जहाजांच्या स्वतःच्या नळांतूनच पाण्यात उतरते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या धातूवर एवढा वाद होण्याचे कारण म्हणजे सामन मासा. समुद्रात वाढलेला सामन आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो तो वासाच्या आधारे. तांबे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम वाढले, तरी त्याची घ्राणशक्ती मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. मासेमारांचे म्हणणे, निकष सैल करू नका. कंपन्यांचे म्हणणे, एवढे शुद्ध पाणी देणारे यंत्र जहाजावर मावेल असे अस्तित्वात नाही. शास्त्रज्ञांचे सल्लागार मंडळ नेमले गेले, मुदती वाढवल्या गेल्या. अखेर फेब्रुवारी २०१३ मध्ये पार्नेल यांनी सही केलेल्या कायद्याने नळीच्या तोंडाची अट काढून टाकली आणि ‘मिश्रणक्षेत्र’ मान्य केले. त्यानुसार जहाजाभोवतीच्या ठरावीक पाण्यात मिसळून सौम्य झाल्यावर निकष पाळले गेले की पुरे. मतदारांनी दिलेले विधिमंडळाने काढून घेतले, अशी टीका तेव्हा झाली आणि ती वस्तुस्थितीला धरूनच होती.

निरीक्षकांचेही तेच झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘वेस्टरडॅम’ या जहाजाने ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात हजारो गॅलन सांडपाणी सोडले. जहाजाची मालकी असलेला कार्निव्हल समूह त्या वेळी न्यायालयीन देखरेखीखाली होता. त्याच्या प्रिन्सेस कंपनीला मॅजिक पाइप प्रकरणी २०१७ मध्ये ४ कोटी डॉलर दंड झाला होता. तरीही २०१९ मध्ये गव्हर्नर माइक डनलीव्ही यांनी ओशन रेंजर कार्यक्रमाचा निधी नकाराधिकार वापरून रद्द केला. दुसऱ्या कोणत्याही उद्योगावर असा निरीक्षक बसवलेला नाही, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. खात्याचे स्वतःचे अधिकारी तपासणी करतातच, पण बंदरात चढून केलेली पाहणी आणि जहाजावर राहून केलेली पाहणी यांत फरक आहे. पाणी सोडले जाते ते बहुधा वाटेत.

इतर राज्यांनी अलास्काकडे पाहून वेगवेगळे रस्ते धरले. कॅलिफोर्नियाने कायद्यानेच मैलापाणी व सांडपाणी सोडण्यास मनाई केली. मेनने २००४ मध्ये अलास्काच्या धर्तीवर सांडपाण्याचा नियम केला. वॉशिंग्टन राज्याने कंपन्यांशी सामंजस्य करार केला. भारतात मात्र सागरी नौवहन हा संघसूचीतला विषय. मुंबई व मार्मागोवा येथे क्रूझ जहाजे येत असली, तरी महाराष्ट्र किंवा गोव्याच्या विधानसभेला अलास्कासारखी मोकळीक नाही.

जहाजांची संख्या किती असावी, याला २००१ चा कायदा हात घालत नाही. तेव्हा अलास्कात दर हंगामात सुमारे सहा-सात लाख क्रूझ प्रवासी येत; २०१९ पर्यंत ते तेरा लाखांच्या पुढे गेले. सुमारे ३२ हजार वस्तीच्या जुनोने हा प्रश्न कंपन्यांशी थेट करार करून हाताळला: २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजे. शनिवारी एकही मोठे जहाज नको, हा प्रस्ताव मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या मतदारांनी फेटाळला.